हातभर सरकलेलं कपाट

रंगारी आहे मी, वडील होते तसाच.
वालपराइसोच्या टेकड्यांवर पत्र्याच्या भिंती
समुद्राकडे तोंड करून उभ्या,
आणि खारा वारा
दर चार वर्षांनी मला काम मिळवून देतो.

दोन्या एदुविहिसच्या घरी मात्र
काम कमी, बसणंच जास्त.
नऊशे छटांचं पुस्तक मी नेलं होतं पहिल्यांदा.
तिने ते न उघडताच उशाला द्यावं तसं
मांजराखाली सरकवलं,
आणि जेवता जेवता आवोकाडोची साल दाखवली.
साल नाही, सालीच्या आतला,
गराला बिलगून राहिलेला हिरवा.
"हा."

तळहाताएवढे चार ठिपके लावून घेतले चार भिंतींवर.
आठवडाभर रोज एकेकासमोर बसून जेवली.
म्हणाली, सकाळी सगळेच रंग गोड बोलतात, निबाल्दो,
संध्याकाळी पाचला भिंत काय म्हणते
ते ऐकायचं.

तिचं घर म्हणजे:
बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची,
गर्रकन फिरते, बंदरात बोट लागली की तिकडे.
बोटीवरचंच टेबल, कडेला बोटभर काठ,
वाटाणे सांडत नाहीत.
आणि पडदा. अर्धा पिवळा, अर्धा निळा.
जहाजांची निशाणं शिवायची ती तरुणपणी,
उरलेल्या कापडाचा.
एक खलाशी खालून चढत येताना थबकून हसला होता म्हणे:
बाई, तुमची खिडकी म्हणते आहे
की तुम्हाला माझ्याशी बोलायचंय.
"मग?"
मग काय. सदतीस वर्षं बोललो, म्हणाली.

भाची ग्रिसेल सान्तियागोहून यायची, मासिकं घेऊन.
सगळं पांढरं करून टाक मावशी,
पांढरं कधी जुनं होत नाही.
मावशी म्हणायची, खरंय गं,
आणि तिला चहा द्यायची
त्यातल्या त्यात सगळ्यात जांभळ्या कपात.

तो फेब्रुवारी आला.
रात्री साडेतीनला जमीन अशी हलली
की कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली.
सकाळी मी गिलाव्याची थापी घेऊन चढलो.
बारा कपांतले अकरा गेले होते. जांभळा उरलेला.
अक्रोडाचं कपाट, जे चार माणसांना हलत नव्हतं,
भिंतीपासून हातभर चालत आलेलं,
तिरकं, खिडकी थोडी अडवून,
रात्री कुठे तरी निघालेलं
आणि पहाटे विचार बदललेला.

मागे भिंतीवर निळा चौकोन.
नवऱ्याने गोदीतून डब्याच्या तळाशी आणलेला
जहाजाचा रंग, लग्नाच्या वर्षीचा.
मी खांदा लावला कपाटाला.

"थांब."

खुर्चीत बसली. काचा झाडायच्या राहिल्या होत्या,
चपलांखाली करकरत होत्या.
कपाटाच्या आरशात समुद्र आला होता,
आणि आरशातून उडालेलं ऊन
त्या कोपऱ्यात पडलं होतं
जिथे आजवर फक्त छत्र्या राहायच्या.
दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा बोलावलं मला,
नुसतं बघायला. मजुरी देऊन.

"एवढी वर्षं चुकीच्या जागी ठेवलं होतं मी ते,"
ती म्हणाली. "सांगायचं नाही का कुणी?"

चौकोन सोडून रंगव, हा हुकूम.
कडा सरळ करू नकोस, हाही.
मी आयुष्यभर पट्टी लावून कडा मारलेला माणूस,
हात थरथरला.
आणि कपाटाच्या वरच्या खुंटीला, भिंतीच्या हुकापर्यंत,
दोरी बांधून घेतली पक्की, खलाशी गाठ मारून:
पुन्हा फिरायची हौस आली
तर एवढ्यातच फिर म्हणावं.

आता गंमत अशी
की आमचं स्वयंपाकघर अकरा वर्षं बिनरंगाचं आहे.
रंगाऱ्याचं घर, लोक हसतात.
मी रोज पाचला पाव-चहा घेऊन
त्या भिंतीसमोर बसतो.
ती अजून काही बोललेली नाही.
ओतिलिया बोलते.